पास होणे आणि वाचता येणे

(पुण्यात झालेल्या आपल्या साहाय्यक मंडळींच्या सभेत आदिवासी वस्त्यांवरील प्रौढ वर्गांविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला विषय दिला आहे, ‘प्रौढांना परीक्षेसाठी तयार करणे’. ही परीक्षा कसली, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. म्हणून आधी तेच सांगते.

केंद्र सरकारने २०२२ पासून ‘उल्लास’ या नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू केला आहे. तो २०२७ पर्यंत चालणार आहे. वय १५ वर्षांच्या पुढचे आणि शाळा न पाहिलेले, असे सगळे त्यात येतात. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नसते. आपल्या राज्यात या कामाची सूत्रे पुण्यातल्याच शिक्षण संचालनालय (योजना) या कार्यालयाकडे आहेत. शिकून झाले की एक चाचणी होते. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ रोजी आणि त्यानंतर २३ मार्च २०२५ रोजी झाली. चाचणी १५० गुणांची. वाचनाला ५०, लेखनाला ५० आणि संख्याज्ञानाला ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे १७ गुण मिळाले की उत्तीर्ण. वेळ ३ तासांचा, पण सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत आपल्या सोयीने येऊन बसता येते. कोणी कमी पडले तर निकालावर ‘नापास’ लिहीत नाहीत, ‘सुधारणा आवश्यक’ असे लिहितात, आणि पुन्हा बसता येते. मला हे शब्द आवडतात. आपल्या सर्वांच्या आयुष्याच्या निकालपत्रावर देवाने हेच लिहिले असावे.

आता आपला संबंध. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्के होती. त्याच जनगणनेत राज्यातल्या आदिवासींची ६६ टक्क्यांच्या आसपास, आणि आदिवासी स्त्रियांची ५७ टक्के. पुणे म्हणजे विद्येचे माहेरघर असे आपण म्हणतो, पण इथून दीड-दोन तासांवर मुळशी, मावळ, वेल्हे, भोर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरात कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी बांधवांच्या वाड्या आहेत. आपले वर्ग तिथे चालतात, आणि त्यांतल्या कातकरी वस्तीविषयीच मी आज बोलणार आहे.

माझी पहिली चूक

२०२४ च्या चाचणीला आमच्या वर्गातून काही जण बसले. त्यांत साधारण पंचेचाळिशीतली एक बाई होती. मी त्यांना मावशी म्हणते. दिवाळी झाली की त्यांचे कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि पाऊस तोंडावर आला की परत येते. म्हणजे शिकायला मिळतो तो पावसाळा, आणि त्यातही भातलावणीचे दिवस सोडून. मार्चमध्ये चाचणी होती तेव्हा मावशी भट्टीवर होत्या. एका रविवारची मजुरी सोडून त्या जीपने आल्या, पेपर दिला आणि संध्याकाळी परत गेल्या. पास झाल्या. अंकांच्या भागात काठावर, पण पास.

पावसाळ्यात मी वाडीवर गेले, तेव्हा मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले. एक पास झाल्याचे प्रमाणपत्र. दुसरी भट्टीच्या मुकादमाची चिठ्ठी, त्यावर हंगामाचा हिशेब आणि शेवटी ‘बाकी ४,०००’. त्या म्हणाल्या, “ताई, हा कागद पास झाल्याचा, हा कर्जाचा. मला दोन्ही सारखेच. आपलं नाव तेवढं ओळखता येतं.”

मी गप्प बसले. कारण चूक कोणाची हे मला ठाऊक होते. वेळ कमी होता म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही फक्त नमुना प्रश्नपत्रिका घोटून घेतल्या होत्या. चित्राला शब्द जोडा, रिकाम्या जागा भरा, ही बेरीज करा. प्रश्नाचा चेहरा ओळखून उत्तर लिहायला मावशी शिकल्या होत्या. वाचायला शिकल्या नव्हत्या. चाचणीत दोष नव्हता, आमच्या तयारीत होता.

प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात तो कूशी देशाचा अधिकारी रथात बसून यशया मोठ्याने वाचत असतो. फिलिप्प धावत जाऊन त्याला विचारतो ते समजण्याविषयी. अक्षर उच्चारता येणे आणि कळणे यांत अंतर आहे, हे पवित्र शास्त्राला चांगले ठाऊक आहे. फिलिप्पाने प्रश्न विचारला आणि मग तो रथात चढून शेजारी बसला. आम्ही प्रश्नपत्रिका वाटल्या, पण शेजारी पुरेसे बसलो नव्हतो.

मग आम्ही काय बदलले

आपल्यापैकी पुष्कळ जण सुट्टीच्या दिवशी वर्ग घ्यायला येतात, म्हणून हे जरा तपशिलाने सांगते.

पहिली गोष्ट चष्म्याची. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, हे आपल्याला शहरात सहज कळते. वाडीवर बाई म्हणते, “माझ्या डोक्यात काही राहत नाही,” आणि आपण ते खरे मानतो. आम्ही डोळे तपासणाऱ्यांना वाडीवर नेले. वर्षभर ‘क’ आणि ‘फ’ यांत घोटाळा करणाऱ्या आजींचा घोटाळा चष्मा लावल्यावर पंधरा दिवसांत गेला. तेव्हापासून नवीन वर्गात आम्ही पाटीच्या आधी चष्मा पाहतो.

दुसरी गोष्ट पेनाची. वर्गात पाटी-पेन्सिल असते, चुकले की पुसता येते. चाचणीला काळ्या किंवा निळ्या शाईचे पेन. पहिल्या वर्षी काही जणींनी पेन हातात धरून बराच वेळ नुसते बसून काढला, कारण चुकले तर पुसायचे कसे? आता आम्ही निम्म्याहून अधिक सराव पेनानेच घेतो आणि चुकले तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायला शिकवतो.

तिसरी गोष्ट नावाची. आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, वाडीवर हाक मारायचे तिसरे. प्रमाणपत्रावर नाव चुकले की पुढे तो कागद कामाला येत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळीच ओळखपत्र समोर ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवून घ्यायचे. चाचणीच्या दिवशी फोटो आणि ओळखपत्र पिशवीत आहे ना, हे आदल्या रात्री पाहायचे.

चौथी गोष्ट वाचनाची, आणि ही सर्वांत मोठी. एक नियम केला: वाचलेले वाक्य पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगायचे. पुस्तकातली मराठी ही कातकरी माणसाची घरची बोली नाही, हे आपण विसरतो. तो एकाच वेळी अक्षर शिकत असतो आणि थोडी वेगळी भाषाही. मी ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी ग्रीक मुळाक्षरे शिकले तेव्हा तिशी उलटली होती. अक्षरे पाठ झाली, शब्द वाचू लागले, परीक्षेत गुणही मिळाले. आज एक ओळ समोर ठेवा, मला अर्थ सांगता येणार नाही. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या खूप हसल्या, आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर चुकायला त्यांना लाज वाटेनाशी झाली.

पाचवी गोष्ट हिशेबाची. प्रवेशिकेत घड्याळ आहे, दिनदर्शिका आहे, नाणी-नोटा आहेत. ते सगळे घ्यावेच. पण वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाचे खरे गणित वेगळे आहे. मी फळ्यावर घालते ते उदाहरण सांगते. आकडे सोपे व्हावेत म्हणून मनाने घेतले आहेत.

समजा १,००० विटांना ८०० रुपये दर ठरला. जोडप्याने हंगामात ४५,००० विटा पाडल्या. म्हणजे ४५ गुणिले ८००, मजुरी झाली ३६,०००. पावसाळ्यात घेतलेली उचल २०,०००. दर आठवड्याला खर्ची ७०० रुपये, २० आठवडे, म्हणजे १४,०००. उचल आणि खर्ची मिळून ३४,०००. आता सांगा, कोणाकडे किती निघाले? जोडप्याचेच २,००० येणे आहे.

दोन गुणाकार, एक बेरीज, एक वजाबाकी. पण यातली एक पायरी जरी दुसऱ्याच्या हातात राहिली, तरी २,००० येणे असताना ४,००० देणे निघते. मग ते देणे फेडायला पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. तो कायदा वाडीपर्यंत पोचायचा, तर आपल्या हिशेबाची वही आपल्याच हातात असावी लागते. लूकच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायात तो कारभारी ऋणकऱ्यांना एकेक करून बसवतो आणि त्यांच्याच हाताने कागद बदलून घेतो. तेलाच्या शंभराचे पन्नास, गव्हाच्या शंभराचे ऐंशी. त्या दाखल्याचा अर्थ सांगणे अवघड आहे, पाळकसाहेब ते करतील. मला त्यात एवढे दिसते की कर्ज किती, हे कागदावर लिहिले जाते, आणि ते कोण लिहितो याला महत्त्व आहे.

रविवारचा प्रश्न

दोन्ही वर्षी चाचणीचा दिवस रविवार होता, आणि तोही उपवासकाळातला. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले, “उपासना सोडून तुम्ही लोकांना परीक्षेला नेणार?” प्रश्न रास्त आहे, तो मी टाळत नाही. आम्ही असे केले. ज्यांना वाडीवर जायचे होते त्यांच्यासाठी सकाळी सातला लहान उपासना घेतली आणि नंतर निघालो. चाचणी पाच वाजेपर्यंत असल्यामुळे ते जमते. पण खरे उत्तर त्यापलीकडचे आहे. अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला प्रभूने कोणत्या दिवशी सरळ उभे केले, हे आपल्याला माहीत आहे.

आणखी एक स्पष्ट बोलते. वर्गात पाटी, प्रवेशिका आणि हिशेबाची वही, एवढेच न्यायचे. कोणी आपल्या विश्वासाविषयी विचारले तर लपवायचे नाही. पण अक्षराच्या बदल्यात काही मागायचे नाही. प्रार्थना आपण इथे, आपल्या मंडळीत, त्या प्रत्येकासाठी नाव घेऊन करू या.

पास झाल्यानंतर काय?

आता थोडा इतिहास. या कामात आपण पहिले नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांनी त्या वेळच्या अहमदनगरात मुलींना शिकवले, आणि सावित्रीबाई फुल्यांचे अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे झाले. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी इथे पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला रात्रीच शिकता येते, हे त्यांना तेव्हा कळले होते.

पण एक धडा अपयशाचाही आहे. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर झाली, समारंभ झाले. नंतर मात्र त्यांतले पुष्कळ लोक पुन्हा वाचणे विसरले, कारण शिकल्यानंतर वाचायला हाती काही उरले नाही. शेतातल्या पायवाटेवरून कोणी चालले नाही तर एका पावसाळ्यात गवत वाढते, तसेच हे.

पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. केडगावला मुक्तीमध्ये त्यांनी स्त्रियांना वाचायला शिकवले आणि तिथे थांबल्या नाहीत. साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि ते छापण्यासाठी खिळे जुळवले ते तिथल्याच मुलीबायकांनी. रमाबाई १९२२ मध्ये प्रभूकडे गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. शिकलेल्या हाताला लगेच काम आणि शिकलेल्या डोळ्यांना लगेच मजकूर, असे दोन्ही त्यांनी दिले.

म्हणून मार्चची चाचणी ही आमच्या लेखी पहिली पायरी आहे. पुढची पायरीही सरकारने ठेवली आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीच्या आणि आठवीच्या परीक्षा आहेत. पाचवीसाठी किमान वय १०, आठवीसाठी १३, वरची मर्यादा नाही. त्यानंतर १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते. पण चाचणी आणि पाचवी यांच्यामध्ये मोठा चढ आहे. चाचणीत चार वाक्यांचा उतारा, पाचवीला पानभर मजकूर. चाचणीत शंभरपर्यंतची मोजणी, पाचवीला अपूर्णांक आणि हजारांतली गणिते. या चढावर एकट्या माणसाचा दम लागतो आणि तो खाली बसतो. आपली खरी गरज आहे ती इथे.

आम्ही या चढासाठी वर्षभराचे वेळापत्रक केले आहे. जून ते दिवाळी वाडीवर आठवड्याला तीन रात्री वर्ग. दिवाळीनंतर कोण कोणत्या भट्टीवर गेले याची यादी, आणि महिन्यातून दोनदा तिथे भेट. भट्टीची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते, रविवारी नसते, म्हणून भेटीचा वार त्याप्रमाणे. मधल्या दिवसांत फोनवर वाचन: माणूस तिकडून एक परिच्छेद वाचतो, आपण इकडे पुण्यात बसून ऐकतो आणि एकच प्रश्न विचारतो, “यात काय सांगितलंय?” दहा मिनिटे पुरतात. वाचायला काय द्यायचे, तर ग्रामसभेची सूचना, वनहक्काच्या दाव्याचा कागद, एसटीचे वेळापत्रक, औषधाच्या पाकिटावरची तारीख. आणि प्रत्येकाकडे स्वतःच्या हिशेबाची वही.

मावशींची वही

शेवटी मावशींचे सांगते. २०२४ च्या दिवाळीनंतर त्या भट्टीवर गेल्या तेव्हा बरोबर एक वही होती. रोज एक ओळ: तारीख, विटा, त्या आठवड्याची खर्ची. कधी विटांचा आकडा तिरका, कधी तारीख राहून गेलेली. त्यांचा नवरा सुरुवातीला म्हणत होता, “मुकादमाला कळलं तर पुढच्या साली काम मिळायचं नाही.” ही भीती खोटी नव्हती. मलाही होती, आणि मी त्यांना आग्रह केला नाही. वही त्यांनी स्वतःच ठेवली.

हंगाम संपला तेव्हा त्यांनी ती मुकादमासमोर उघडली. चमत्कार झाला नाही. तो चिडला, फुटक्या विटांची गोष्ट काढली, दोन आठवड्यांची खर्ची जास्त धरल्याचे मात्र त्याला मान्य करावे लागले. जुनी बाकी पूर्ण फिटली नाही, कारण त्या वर्षीची वहीच नव्हती. पण नवीन बाकी चढली नाही. मावशी म्हणाल्या, “ताई, या वर्षी पहिल्यांदा मी चिठ्ठी घेतली नाही. मी म्हटलं, माझ्याकडे लिहिलंय.”

आता त्यांना पाचवीला बसायचे आहे. मी विचारले, “मावशी, पाचवीचा दाखला घेऊन काय करणार?” त्या म्हणाल्या, “नातू तिसरीत आहे. तो पाचवीत जायच्या आत मला जायचंय.” आमच्या तयारीची मुदत आता त्या नातवाने ठरवून दिली आहे.

बंधू-भगिनींनो, तुमच्याकडून काय हवे ते थोडक्यात सांगते. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे फोनवर वाचन ऐकणारे लोक हवेत. यासाठी वाडीवर यावे लागत नाही, घरी बसून आजी-आजोबांनाही करता येईल. वाचनाच्या चष्म्यांसाठी देणगी हवी. चाचणीच्या दिवशी भट्टीवरून माणसे आणण्या-नेण्यासाठी गाड्या हव्यात, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी भरून काढणारा छोटा निधी. आणखी एक, आणि हे फुकट आहे: तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या रखवालदाराला एकदा प्रेमाने विचारा, वाचता येते का. वाचायला शिकायचे असलेला माणूस डोंगरावरच भेटतो असे नाही.

प्रार्थनेसाठी विषय: भट्टीवर असलेली आपली सर्व कुटुंबे आणि त्यांच्यासोबत गेलेली लेकरे, शिकवणारे तरुण, आणि ज्यांच्या निकालावर ‘सुधारणा आवश्यक’ आले ते सगळे, त्यांनी पुन्हा बसावे म्हणून. त्यांच्यासोबत माझेही नाव घ्या.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो. आमेन.